कावीळ, भुईआवळी आणि रविवारचं औषध

धारूर तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: शेजारच्या गावात एक बाबा दर रविवारी काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात. पैसे घेत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी माझा भाऊ त्यांच्याच औषधानं बरा झाला. आता माझ्या जाऊबाईंचे डोळे पिवळे दिसताहेत. त्यांना सातवा महिना संपत आलाय. सासूबाई म्हणतात, रविवारपर्यंत थांबू. मी दवाखान्याचं नाव काढलं की घरातले भावाचं उदाहरण देतात. भुईआवळीवर मोठं संशोधन झालंय असंही ऐकलं. खरं काय समजायचं?

ताई, रविवारपर्यंत थांबू नका. जाऊबाईंना आजच दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तुमच्याकडून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही, तिथं बाळंतपणाचा आणि औषधोपचाराचा विभाग एकाच आवारात आहे. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार म्हणजे हिपॅटायटिस ई. इतरांना तो बहुतेक वेळा सोडून देतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गर्भवतीला झाला तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात. शिवाय गर्भारपणामुळंच यकृत बिघडून होणारी कावीळही असते, आणि तिच्यात बाळाला लवकर बाहेर काढणं हाच उपचार ठरतो. यातलं नेमकं काय आहे ते रक्त तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही, बाबांनाही नाही. जाऊबाई झोपाळल्यासारख्या वाटल्या, बोलणं अडखळलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर तासाचाही उशीर नको.

सासूबाईंशी बाबा खरे की खोटे यावर वाद घालू नका. त्या वादात दिवस जाईल. "आधी रक्त तपासून येऊ, मग तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणा. तपासणीत बिलिरुबिन आणि एसजीपीटी या यकृताच्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर, करायला सांगा. यकृत किती दमलंय ते डोळ्यांच्या पिवळेपणापेक्षा या आकड्यावरून जास्त कळतं. हिपॅटायटिस बी ची तपासणीही व्हायला हवी. ती पॉझिटिव्ह आली तर बाळाला जन्मल्यापासून १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं, इंजेक्शन लागतं, आणि लसीचा पहिला डोस तर प्रत्येक बाळाला २४ तासांच्या आत मिळायलाच हवा. म्हणून हे बाळंतपणाआधी कळलेलं बरं.

इथून पुढचं जाऊबाई दवाखान्यात पोचल्यावर वाचा.

मी वैद्य आहे. आयुर्वेदाची पदवी घेतली, द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचं शास्त्र, शिकवलं, आणि गेली तीस वर्षं बालाघाट डोंगराच्या याच पट्ट्यात दवाखाना चालवते. माझ्या कपाटात हिरडाही आहे आणि कुटकीही. झाडपाल्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही, आणि म्हणूनच माझं म्हणणं जरा कडक वाटेल: एखाद्या वनस्पतीला औषध म्हणायचं असेल तर औषधाला विचारतो ते सगळे प्रश्न तिला विचारले पाहिजेत. कोणत्या रोग्याला दिली? न देता काय झालं असतं? त्रास कुणाला झाला?

आता तुमच्या भावाचं. तरुण पोरगा, आधी चार-पाच दिवस ताप, मळमळ, अन्नाची शिसारी, लघवी गडद, मग डोळे पिवळे. असंच झालं असणार. हिपॅटायटिस ए आणि ई या दोन्ही पाण्यातून येणाऱ्या काविळी अशाच चालतात. त्यांची एक खोड लक्षात ठेवा: डोळे पिवळे होईपर्यंत ताप उतरत आलेला असतो आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत भूक परत यायला लागते. लोक बाबांकडं जातात ते डोळे पिवळे झाल्यावर. म्हणजे औषध पोटात जातं नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी शरीर स्वतःच सावरायला लागलेलं असतं. रोगी घरी येतो, चार दिवसांत भाकरी मागतो, महिनाभरात डोळे पांढरे होतात. या प्रकारच्या काविळीत शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जण काहीही न घेता बरे होतात. तेव्हा रविवारी येणाऱ्या शंभरांतले अठ्ठ्याण्णव बरे होताना बाबांनीही पाहिले आणि गावानंही पाहिले. कुणी फसवलं नाही. उरलेले दोघं मात्र परत सांगायला येत नाहीत, ते एखाद्या मोठ्या दवाखान्यात गेलेले असतात किंवा जगातूनच गेलेले असतात.

विंचवाचंही आपल्याकडं असंच झालं. काळा विंचू चावला की रात्रभर ठणका लागतो आणि सकाळी उतरतो. आघाड्याची मुळी उगाळून लावली तरी उतरतो, मंत्र टाकला तरी उतरतो. लाल विंचू मात्र हृदयावर जातो. त्याच्यावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध चालतं हे दाखवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी. मूळचे ते आपल्या जालना जिल्ह्यातले, काम केलं कोकणात महाडकडं. प्रत्येक रोग्याजवळ बसून, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवत, कोण वाचलं आणि कोण गेलं हे त्यांनी मोजलं. त्या मोजण्यातून औषध मिळालं. मुळी उगाळणाऱ्यांची माया कमी होती असं नाही, पण त्यांच्याकडं वही नव्हती.

काविळीत डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा तर फारच फसव्या असतात. काविळीची माळ तुम्ही पाहिली असेल. बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून गुंफतात, डोक्यावर घालतात आणि जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ वाढत छातीपर्यंत येते म्हणतात. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटत जातो. ती माळ खुंटीला टांगून ठेवली तरी वाढते. दुसरी रीत हात धुण्याची. आंब्याच्या सालीचं पाणी हाताला चोळतात, वर चुन्याचं पाणी, आणि खाली भांड्यात पिवळं पाणी पडतं. शिकत असताना मी हे माझ्या स्वतःच्या ठणठणीत हातांवर करून पाहिलं. तेवढंच पिवळं पाणी पडलं. सालीतला तुरट अंश आणि चुना एकत्र आले की तो रंग येतोच, हातात कावीळ असो वा नसो.

या दोन्हींनी नुकसान होतं ते वेळेचं. देवडांगरी या रानवेलीचं तसं नाही. तिचं फळ भिजवून ते पाणी नाकात सोडतात. दोन दिवस नाकातून पिवळं पाणी वाहतं आणि घरच्यांना वाटतं, कावीळ बाहेर पडली. ते पाणी म्हणजे जळलेल्या नाकाचा स्राव असतो. यकृताचा आणि नाकाच्या त्या पाण्याचा काही संबंध नाही. यकृत बिघडलं की रक्त नीट गोठत नाही, अशा माणसाचं नाक सोलवटलं तर घोळणा फुटून थांबतच नाही. हे मी दोनदा पाहिलंय. मनगटावर किंवा पोटावर तापल्या सळईचा डाग देणं तर कुठल्याच परिस्थितीत नको, लहान लेकराला तर नकोच नको.

आमच्या शास्त्रानं या बाबतीत काय सांगितलं ते ऐका, कारण लोक 'आयुर्वेदात आहे' म्हणून हवं ते खपवतात. चरकसंहितेत चिकित्सास्थानात, पांडुरोगाच्या अध्यायात, काविळीचे दोन मार्ग वेगळे केलेत. एकात पित्त फार वाढलेलं असतं. दुसऱ्यात पित्ताची वाटच अडलेली असते आणि रोग्याला तिळाच्या कल्कासारखा, पांढुरका मळ होतो. उपचारही दोघांचे वेगळे सांगितलेत. आजच्या भाषेत सांगायचं तर दुसरी म्हणजे अडथळ्याची कावीळ: पित्तनलिकेतला खडा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशी आलेली गाठ. सोनोग्राफी नसलेल्या काळात कुणीतरी शेकडो रोग्यांचा मळ बघून हा फरक हेरला होता.

आणि हे सूत्र तोंडपाठ असलेल्या माझ्याच हातून चूक झाली. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पन्नाशीचे एक शेतकरी आले. पोट दुखत नव्हतं, तापही नव्हता, डोळे हळदीसारखे पिवळे आणि सगळ्या अंगाला खाज. मी भुईआवळी आणि कुटकी सुरू केली, पथ्य सांगितलं. सहा आठवडे. वजन उतरत गेलं ते मी पथ्याच्या खाती टाकलं. मळाचा रंग मी त्यांना विचारलाच नाही. सोनोग्राफी झाली तेव्हा गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडं गेली होती. आधी कळलं असतं तर ते वाचले असते असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण ते सहा आठवडे त्यांचे होते आणि ते मी घेतले. त्या दिवसापासून काविळीच्या प्रत्येक रोग्याला माझा पहिला प्रश्न तोच असतो.

तुम्ही आशा आहात म्हणून यातलं एक जास्त महत्त्वाचं सांगते. बाळंतिणीच्या घरी भेटीला जाता तेव्हा बाळाच्या शीचा रंग बघा. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत आलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ किंवा दोन आठवड्यांनंतरही न गेलेली कावीळ ही गुटीत काही उगाळून घालवायची गोष्ट नाही. आणि शी पांढरी, खडूसारखी होत असेल तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्याचं ऑपरेशन पहिल्या ६० दिवसांत झालं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. उन्हात धरा, बाळ सुधारेल, असं म्हणत सव्वा महिना गेला की त्यातले बहुतेक दिवस संपलेले असतात.

आता भुईआवळी. तुम्ही ऐकलं ते खोटं नाही. १९८८ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मद्रासचा एक अभ्यास छापून आला. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात बाळगणाऱ्या लोकांना महिनाभर भुईआवळीचं चूर्ण दिलं, काहींना नुसती बिनऔषधाची पूड. चूर्ण घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, बिनऔषधाच्या २३ पैकी फक्त एकाची. या अभ्यासात हिपॅटायटिस बी चा शोध लावणारे नोबेल विजेते ब्लुमबर्गही होते. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, आम्ही तो निबंध झेरॉक्स काढून वाटला होता. मग ठिकठिकाणी तो प्रयोग पुन्हा केला गेला आणि तसा गुण पुन्हा दिसला नाही. कुणी म्हणालं वनस्पतीची जात वेगळी होती, कुणी म्हणालं माती आणि तोडणीचा हंगाम वेगळा. तेही असेल. पण आज हिपॅटायटिस बी साठी भुईआवळीवर विसंबून राहा असं मी कुणालाही सांगत नाही. त्यावर विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

या गोष्टीतून लोकांनी उचललं एवढंच की 'लॅन्सेटमध्ये आलंय, भुईआवळीनं कावीळ जाते'. अभ्यास होता रक्तातून पसरणाऱ्या, वर्षानुवर्षं अंगात राहणाऱ्या बी चा. तुमच्या भावाला झाली असणार पाण्यातून आलेली कावीळ. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावून 'बघा, दार उघडलं' म्हणायचं, आणि दार तर आधीच उघडं होतं.

निसर्गातलं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मला सगळ्यात जास्त छळते. दारातली सदाफुली घ्या. आपल्याकडं साखरेसाठी तिची फुलं-पानं चावून खाणारे घरोघर आहेत. कॅनडात नोबल आणि बीअर या शास्त्रज्ञांनी तिची पानं मधुमेहासाठीच तपासायला घेतली होती. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की ते जंतुसंसर्गानं मरायला लागले. त्या वाटेनं विनब्लास्टिन आणि पुढं विनक्रिस्टिन ही कर्करोगाची औषधं मिळाली, आणि रक्ताच्या कर्करोगातली कितीतरी लेकरं आज त्यांच्यामुळं जगतात. तीच सदाफुली, पण मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, दवाखान्यात. आपण ती उपाशीपोटी मूठभर चावतो.

गुळवेलीचंही तसंच. करोनाच्या काळात कडुलिंबावरची गुळवेल शोधत माणसं रानोमाळ फिरली आणि महिनोन् महिने काढा प्याली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रोग्यांची नोंद छापली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रोग्यांची नोंद आली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून थायरॉइडसारखे आजार होते. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की ती वनस्पती खरी गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात तर नव्हती? द्रव्यगुण शिकवणारी म्हणून मला तो प्रश्न रास्त वाटतो. पण शेताच्या बांधावरून वेल तोडून आणणाऱ्या बाईला ती जात कोण ओळखून देणार? म्हणून माझ्याकडं आता नियम आहे: थायरॉइड, संधिवात किंवा यकृताचा कुठलाही आजार असेल तर गुळवेल नाही, आणि बाकीच्यांनाही मनानं महिनोन् महिने नाही.

ओळखण्याचा प्रश्न भुईआवळीतही आहे. पावसाळ्यात रानात तिच्यासारख्या दिसणाऱ्या तीन-चार जाती शेजारी-शेजारी उगवतात. त्याहून मोठी भीती मला सोयाबीनच्या रानाची वाटते. पूर्वी खुरपायला बाया जायच्या, आता तणनाशक मारतात. बांधावरची भुईआवळी म्हणजे तणच. फवारा मारून चार दिवस झालेली, अजून न वाळलेली झाडं कुणी उपटून दुधात वाटून काविळीच्या माणसाला दिली, तर ते दमलेल्या यकृताला काय पाजलं?

एरंडाच्या पानांचा रस आणि रुईचं कोवळं पान विड्यातून देतात, ती दोन्ही थांबवा. एरंडानं जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. रुईचा चीक विषारी आहे.

पथ्याचंही बोलायला हवं. काविळीच्या माणसाला आपल्याकडं कोरडी भाकर, फुटाणे आणि उसाचा रस यावर ठेवतात. हळद पिवळी म्हणून बंद. हळदीचा काही दोष नाही, भाजीतली चिमूटभर चालते. यकृताला सावरायला अन्न लागतं: वरण-भात, मुगाची खिचडी, ताक, फळं, भूक असेल तसं अंडंसुद्धा. उपास नको. उसाचा रस घरी स्वच्छ काढलेला असेल तर प्यावा, पण रस्त्यावरच्या गाड्यावरचा बर्फ घातलेला रस म्हणजे ज्या वाटेनं कावीळ आली तीच वाट. दारू पूर्ण बंद, आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता बाबांकडं येते. तुमच्या भागात काविळीची साथ सुरू झाली तर सगळ्यात आधी कुणाला कळेल? प्राथमिक आरोग्य केंद्राला नाही, कारण तिथं काविळीचे रोगी जातच नाहीत. जिल्ह्याला त्याहून नाही. कळेल ते रविवारी बाबांच्या ओट्यावर. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात असंच काविळीचं औषध देणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडं गुडघ्यासाठी येत. बोलता बोलता म्हणाले, "बाई, या खेपेला एकाच वस्तीची चौदा माणसं आली." मी आरोग्य केंद्राला कळवलं. पाइपलाइनच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं सापडलं. आपल्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. मधले दिवस पाइप रिकामा असतो आणि रिकामा पाइप फटीतून आजूबाजूचं पाणी आत ओढून घेतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं: यमुनेतलं मैलापाणी पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं.

म्हणून बाबांशी भांडू नका, त्यांना भेटा. वयस्कर माणूस आहे, पैसे घेत नाही, लोकांचा विश्वास आहे. त्यांच्या नातवाच्या हातात एक शंभर पानी वही द्या. येणाऱ्या प्रत्येकाचं गाव, वस्ती, वय, डोळे कधी पिवळे झाले ती तारीख आणि पाणी कुठलं पितो एवढं लिहायला सांगा. गर्भवती, दोन महिन्यांच्या आतलं बाळ, पांढरा मळ किंवा अंगाला खाज असलेला, आणि झोपाळलेला रोगी आला तर औषध न देता पुढं पाठवा, एवढा शब्द त्यांच्याकडून घ्या. नाकात काही सोडायचं नाही, हाही. मी जितक्या जणांशी असं बोलले त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलं. त्यांनाही आपल्या ओट्यावरून गेलेला माणूस मेल्याचं दुःख होतंच.

दर सोमवारी ती वही बघा. एका वस्तीचे दोन-तीन रोगी दिसले की त्याच दिवशी आरोग्य सेविकेला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. एक ध्यानात ठेवा, पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला महिना-दीड महिना जातो. आज आलेल्यांनी ते पाणी मागच्या महिन्यात प्यायलेलं असतं आणि पुढच्या महिन्यातले रोगी आज पाणी पिताहेत. तुमचा भाऊ दोन महिन्यांपूर्वी, जाऊबाई आता. दोघांचं पाणी एकाच टाकीचं किंवा एकाच विहिरीचं आहे का, हे तुम्हीच मला सांगू शकाल.

तोवर घरात पिण्याचं पाणी खळखळ उकळून घ्या. जलसुरक्षकाला विचारा की टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पडते का, आणि तिचं पोतं उघडं पडलेलं नाही ना, कारण दमट हवेत तिचा जोर जातो. पुढच्या वेळी पाणी सुटेल तेव्हा टाकीजवळच्या नळाला नाही, वस्तीच्या अगदी शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करा. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथपर्यंत पोचलंय. नाही झालं, तर त्याच सकाळी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) बोलावून ती नळी त्यांच्या हातात द्या.